मुदत शुक्रवारपर्यंत होती

सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत ज्याचा सत्कार असेल त्याचं मानपत्र मी लिहायचं, हे सात वर्षांपासून ठरून गेलेलं होतं. मला कुणी निवडलं नव्हतं. बाकीच्यांना मराठी टाइप करायचा कंटाळा यायचा, आणि मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला असलो तरी वाचून वाचून चार ओळी बऱ्या लिहायचो, एवढंच. मानपत्रात माणसाबद्दल फक्त चांगलं लिहायचं असतं. ज्याने आयुष्यात शेजाऱ्याला लिफ्ट दिली नाही अशा एका बँकवाल्याला मी ‘समाजाचा आधारवड’ करून ठेवलेलं आहे. त्याने ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. मला काही वाटलं नाही. फुकटचं काम होतं, हात धुऊन मोकळा झालो.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये निशिकांतचा फोन आला. निशिकांत म्हणजे मंडळाचा अध्यक्ष. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बुकित तिमाहच्या महागड्या कॉन्डोत राहणारा.

"काका, उभे असाल तर बसा. आपल्या गणपतीला यशोधन कारखानीस येतायत!"

मी उभाच राहिलो.

"ब्रिटनचे खासदार हो! व्यापारी शिष्टमंडळाबरोबर येणारेत. शनिवारची संध्याकाळ आपल्याला दिलीय. आणि तुम्ही तर लंडनला त्यांच्या ऑफिसात होतात ना, पाच वर्षं?"

"चार."

"मग झालं तर. आधी वकील, मग नगरसेवक, मग खासदार, सगळं यायला पाहिजे. आणि तो मोदकांचा किस्सा घालायचाच हं. यूट्यूबवर आहे. हॉल लोळेल हसून."

किस्सा मला माहीत होता. यशोधनने तो नगरसेवक असताना सांगितला, उमेदवारी मागताना सांगितला, निवडून आल्यावर सांगितला. तो असा: मी स्थलांतरितांचा वकील होतो. माझी एक अशील होती, बिचारी साधी बाई. अपिलाची मुदत सोमवारी संपत होती. बाई कागद घेऊन आली मंगळवारी. का? तर मंगळवारी आमच्या देवाचा सण, आणि वकिलाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून ती एकवीस मोदक करत बसली. इथे लोक हसतात. मग यशोधन आवाज खाली आणतो. मी जड मनाने तिला सांगितलं, मुदत म्हणजे मुदत. या देशात राहायचं तर या देशाचं घड्याळ पाळावं लागेल. इथे टाळ्या. बाहेरून आलेल्याच माणसाने बाहेरून आलेल्यांना दटावलं की तिथल्या लोकांना ते फार आवडतं. त्या किश्श्यावर त्याचं निम्मं राजकारण उभं आहे.

किस्सा खोटा आहे. मुदत शुक्रवारपर्यंत होती.

आता खरं काय ते सांगतो. २००२ साल. यशोधनचं लंडनमधलं ऑफिस म्हणजे एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तो वकील, मी कारकून. मनोहरराव नावाचे सांगलीचे एक गृहस्थ कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होते. बायको साधना, चौदा वर्षांची मुलगी क्षिप्रा. त्यांच्या व्हिसाची मुदतवाढ नाकारल्याचं पत्र आलं. पत्र ऑफिसात आलं होतं, कारण वकील आम्ही. दहा दिवसांत अपील करायचं होतं. मी साधनाताईंना फोन केला आणि म्हणालो, या आठवड्यात सह्या करून कागद आणून द्या.

मंगळवारी सकाळी, चतुर्थीच्या दिवशी, त्या आल्या. हातात कापडी पिशवी. पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात एकवीस मोदक. डब्याखाली प्लास्टिकच्या फाइलमध्ये अपिलाचा फॉर्म आणि लॅबच्या मालकाचं पत्र. "कागद खाली आहेत हं भाऊ," म्हणाल्या. मी "हो हो" म्हणालो. त्या वर्षी लंडनच्या मंडळाचा अध्यक्ष यशोधन होता, गणपती पाच दिवसांचा, भाड्याच्या हॉलमध्ये. गुरुवारच्या आरतीला त्याच्या पक्षाचा स्थानिक पुढारी येणार होता. यशोधनला नगरसेवकाचं तिकीट पाहिजे होतं, आणि आपल्या मागे तीनशे माणसं आरती म्हणतात हे त्या पुढाऱ्याला दाखवायचं होतं. मी ती पिशवी तशीच उचलून हॉलवर गेलो. डबा देवापुढे ठेवला. पिशवी हॉलच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे खुंटीला अडकवली.

बुधवारी यशोधनने विचारलं, "त्या मोदकवाल्या बाईंचे कागद गेले का?" मी म्हणालो, "पाठवतो." गुरुवारी पुढारी आला. शाल पांघरून टाळ्या वाजवत उभा राहिला. शुक्रवारी मी मांडववाल्याशी भांडत होतो. शनिवारी विसर्जन झाल्यावर झाडायला दार ओढलं, तर मागे पिशवी, कागदांसकट.

ऑफिसची चूक झाली असं लिहून मुदत वाढवून मागता आली असती. बहुतेक मिळालीही असती. पण मग ते कागदावर आलं असतं, वकिलांच्या संस्थेकडे गेलं असतं, आणि तिकीट हातचं गेलं असतं. सोमवारी यशोधनने मला फाइलसाठी टिपण सांगितलं आणि मी ते टाइप केलं: अशिलाला आधीच्या सोमवारपर्यंत कागद आणण्यास सांगितले होते, अशील मंगळवारी आले. मग साधनाताईंना बोलावून त्याने तेच तोंडी सांगितलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, मनोहररावांना वाचायची हिंमत होत नव्हती. त्या माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, फोनवर तुम्ही ‘या आठवड्यात’ म्हणाला होतात ना?"

"सोमवारपर्यंत म्हणालो होतो, ताई."

एवढंच. चार शब्द. त्या आपल्याच डोक्यात मारून घेत खाली बसल्या. मनोहरराव भिंतीकडे बघत राहिले. तीन महिन्यांत ते कुटुंब सांगलीला परत गेलं. पुढच्या वर्षी यशोधनने सिंगापूरच्या एका शिपिंग कंपनीला माझ्यासाठी शिफारसपत्र लिहिलं. त्यात मी ‘अत्यंत विश्वासू’ आहे असं होतं. खरंच होतं ते.

डबा माझ्याकडेच राहिला. झाकणावर नाव कोरलेलं आहे, लग्नातल्या भांड्यांवर असतं तसं: ‘चि. सौ. कां. साधना हिस, मामाकडून, १९८६’. टाकवला नाही, परत करवला नाही. चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये निशिगंधा, माझी बायको, त्यात साबुदाणा ठेवते. लग्न नवीन असताना तिने विचारलं होतं, ही साधना कोण? मी म्हणालो, जुन्या बाजारात मिळाला. पुन्हा तिने विचारलं नाही, पण डबा नेहमी नाव पुढे करून ठेवते.

गणपतीच्या आदल्या दिवशी, रविवारी, निशिकांतच्या बायकोने, मीनलने, शनिवारच्या स्वयंपाकाची वाटणी करायला बायकांना घरी बोलावलं होतं. मी निशिकांतला मानपत्राचा पहिला खर्डा द्यायला गेलो. किस्सा त्यात घातला होता. हो, घातला होता. दोन दिवस टाळलं आणि तिसऱ्या दिवशी घातला, ‘मुदतीचे मोल शिकवणारा हृद्य प्रसंग’ अशी फोडणी देऊन.

स्वयंपाकघरात आठ-दहा बायका. मीनल यादी वाचत होती.

"मसालेभात मी. कोशिंबीर अवनी. मोदक क्षिप्राच्या आई."

"नाही हो. दुसरं काहीही सांगा. पुरण घाला, वाटण घाला, भांडी घासायला लावा. मोदक मी करत नाही."

"अय्या, काकू! सांगलीत करत नाहीत का?"

"करतात. मी करत नाही."

आवाज मी ओळखला. मी दाराकडे सरकलो, तोच त्यांनी बघितलं.

"अगं बाई! चारुदत्तभाऊ ना तुम्ही? साहेबांच्या ऑफिसातले? केस कुठे ठेवून आलात?"

बायका हसल्या. मीही हसलो. त्या हात पुसत बाहेर आल्या, मला गॅलरीत घेऊन गेल्या. क्षिप्राला इथे नोकरी लागली होती, पासिर रिसला भाड्याचा फ्लॅट होता, आणि आई महिन्याभरासाठी आलेली. मीनल आणि क्षिप्रा एकाच ऑफिसात. जग लहान नसतं. आपली माणसं आपल्याच माणसांची दारं शोधत फिरतात, म्हणून लहान वाटतं.

"मनोहरराव?"

"गेले की. पाच वर्षं झाली. हार्ट." त्यांनी पदर खोचला. "तिकडे लॅबचे हेड होणार होते. सांगलीत दुसऱ्याच्या हाताखाली कवळ्या घासत राहिले शेवटपर्यंत. मनातून गेलं नाही हो त्यांच्या. वाईट नव्हते. कधी हात उगारला नाही. फक्त कुठे जरा उशीर झाला ना, की एवढंच म्हणायचे, ‘मोदक झाले का?’ बस चुकली, मोदक झाले का. क्षिप्राचा फॉर्म राहिला, मोदक झाले का. मग भाऊजी म्हणायला लागले, जाऊबाई म्हणायला लागल्या. सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणतात. घरातली गंमतच झाली ती."

मी खाली स्विमिंग पूलकडे बघत होतो. कुणाचं तरी पोर पाण्यात हात मारत इकडून तिकडे जात होतं.

"चूक माझीच," त्या म्हणाल्या. "सोमवारी चपला घातल्या होत्या मी. म्हटलं उद्या चतुर्थी, उद्याच जाऊ, साहेबांच्या तोंडात गोड घालू. तुम्हाला किती त्रास दिला आम्ही. साहेबांना तर कोर्टापुढे खाली बघायला लावलं. शनिवारी ते येतायत म्हणे. एकदा मला त्यांच्यापुढे उभं करा, भाऊ. माफी मागते. मग मोकळी."

"बघतो," मी म्हणालो.

बघतो! चौदा वर्षांनी तोंडातून निघालं काय, तर ‘बघतो’.

पुढचे पाच दिवस मी काहीही केलं नाही. ऑफिसात जात होतो, येत होतो. आरतीला उभा राहत होतो. रोज मनात एक भाषण तयार करत होतो. त्या भाषणात मी शनिवारी माइकसमोर उभा राहून मानपत्राऐवजी सत्य वाचतो, दोनशे माणसं सुन्न होतात, यशोधन पांढरा पडतो. फार झकास भाषण होतं. त्यात माझं नाव शेवटी आणि हळू यायचं.

शनिवारी सकाळी यशोधनने हॉटेलवर बोलावलं. मानपत्र आधी बघायचं होतं त्याला. तो जाड झाला होता, दात नवे बसवले होते. मिठी मारली.

"चारू! साखर तीनच चमचे का अजून?"

मग पेन काढून वाचायला बसला. ‘अहोरात्र’ खोडून ‘सातत्याने’ केलं. शेवटी पान उलटून बघितलं. तोवर किस्सा मी काढून टाकला होता.

"मोदक नाही घातलेस?"

"साधनाताई इथे आहेत. संध्याकाळी हॉलमध्ये असणार."

"कोण साधनाताई?"

तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच नाव माहीत नव्हतं. दहा वर्षं बाईला स्टेजवर उभी करून लोकांना हसवलं, पण नाव नाही.

"मोदक," मी म्हणालो.

त्याने पेनाला टोपण घातलं. "ओह." मग चहाचा एक घोट. "ठीक आहे. ती असेल तर मी सांगणार नाही आज. झालं?"

"नाही झालं. मी माइकवरून सगळं सांगणार आहे."

मला वाटलं होतं तो घाबरेल. तो खुर्चीत मागे टेकला, आणि एकदम तो औषधाच्या दुकानावरचा वकील परत आला.

"सांग. पण कोर्टात सांगतात तसं सांग. कागद तिने कुणाच्या हातात दिले?"

"माझ्या."

"पिशवी खुंटीला कुणी लावली?"

"मी."

"बुधवारी मी विचारलं होतं का?"

"हो."

"काय म्हणालास?"

"पाठवतो."

"तिने शेवटी कुणाकडे बघून विचारलं? माझ्याकडे?"

"माझ्याकडे."

"आणि तू काय म्हणालास?"

मी मानपत्राची घडी घालायला लागलो.

"मग माइकवर पहिलं नाव माझं का घेणार आहेस, चारू?" तो शांतपणे म्हणाला. "टिपण मी सांगितलं. तो भाग माझा. नाकारत नाही."

"त्याचं काय करणार तुम्ही?"

"काही नाही," तो म्हणाला. निदान एवढं तरी खरं बोलला.

हॉटेलबाहेर आलो. त्याचा राग येत होता, आणि त्याहून जास्त राग याचा, की त्याने विचारलेला एकही प्रश्न चुकीचा नव्हता. पाच दिवस मी जे भाषण घोकत होतो त्यात साधनाताई कुठेच नव्हत्या. फक्त मी आणि तो होतो. हॉलमध्ये दोनशे माणसांच्या तोंडाकडे बघत त्या बाईने ऐकायचं, की आपलं आयुष्य कुणाच्या विसरण्याने गेलं. म्हणजे पुन्हा एकदा तिची स्टेजवर वरातच.

घरी गेलो. साबुदाणा पातेल्यात ओतला, डबा घासला. निशिगंधा बघत होती.

"कुठे निघालास?"

"परत द्यायला."

"चौदा वर्षांनी?" ती म्हणाली. "मग झाकण नीट पूस. नावात पीठ अडकलंय."

चोआ चू कांग सिंगापूर बेटाच्या या टोकाला, पासिर रिस त्या टोकाला. जुराँग ईस्टला गाडी बदलली. डबा मांडीवर घेऊन तासभर बसलो. समोरच्या चिनी आजीबाई डब्याकडे बघून हसल्या, त्यांना वाटलं असेल कुणा आजाऱ्याला जेवण नेतोय.

दार क्षिप्राने उघडलं. अठ्ठावीस वर्षांची, वडिलांसारखी उंच. साधनाताई हॉलवर जायला तयार होत होत्या, पिना तोंडात, नवी साडी. फ्रिजवर कॅलेंडर, त्यावर त्यांच्या मुक्कामाच्या पासची शेवटची तारीख लाल पेनाने तीनदा गोल केलेली. परतीचं तिकीट त्याच्या सहा दिवस आधीचं.

"भाऊ! साहेबांशी बोललात का?"

मी डबा टेबलावर ठेवला. त्यांनी पिना काढल्या. झाकणावरून बोट फिरवलं.

"हा... हा माझा आहे."

"ताई, मुदत सोमवारी संपत नव्हती. शुक्रवारपर्यंत होती."

मग सगळं सांगितलं. पिशवी, खुंटी, बुधवार, गुरुवारची आरती, टिपण. मध्ये कुठे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो. यशोधन हा किस्सा भाषणात सांगतो तेही सांगितलं.

"नाव घेतो माझं?"

"नाही."

"मग लोक कुणाला हसतात?"

क्षिप्रा भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा मी बघितला नाही. साधनाताई खुर्चीवर बसल्या आणि बोटांवर मोजायला लागल्या. मंगळ, बुध, गुरू, शुक्र. पुन्हा मोजलं.

"म्हणजे मी तीन दिवस आधी आले होते."

"हो."

"आधी."

"हो, ताई."

त्यांनी डबा उघडला. आत वाकून बघितलं, वास घेतला. "साबुदाणा ठेवत होतात?"

"हो."

"तुम्ही खाल्लेत का मोदक? त्या दिवशी?"

"दोन."

"कसे झाले होते?"

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. "चांगले झाले होते," मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या. खालून कुणीतरी रिव्हर्स घेतल्याचा पिप पिप आवाज येत होता. मी म्हणालो, "ताई, मला माफ..." आणि त्यांनी हात वर केला. रागाने नाही, रस्ता ओलांडताना गाडीला करतात तसा.

"ते नको. ह्यांना आता कोण सांगणार? ते गेले तेच समजून." मग त्या उठल्या. "क्षिप्रा, फोन आण माझा. पद्माकरभाऊजींना लाव. स्पीकरवर."

"आई, आत्ता?"

"आत्ता."

पद्माकर म्हणजे मनोहररावांचे धाकटे भाऊ. सांगलीत दुपारचे दीड वाजले असतील, ते जेवत होते.

"काय वहिनी? मोदक झाले का तिकडच्या गणपतीचे?" आणि हसले.

साधनाताईंनी फोन माझ्यापुढे धरला.

"नमस्कार. मी चारुदत्त. लंडनला मनोहररावांच्या वकिलाच्या ऑफिसात होतो. त्या वेळी अपिलाचे कागद आमच्याकडून जरा राहून..."

"राहून गेले नाहीत," साधनाताई म्हणाल्या. "नीट सांगा."

"मी विसरलो. वहिनी वेळेत आल्या होत्या. तीन दिवस आधी. उशीर झाला असं आम्ही नंतर सांगितलं."

"सांगितलं नाही."

"खोटं सांगितलं. मी खोटं बोललो."

पलीकडे ताटाचा आवाज थांबला. "बरं," पद्माकर म्हणाले. "होतं असं. आता काय, जुनं झालं ते."

"जुनं?" साधनाताईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "आत्ता फोन उचलताना काय म्हणालात, भाऊजी?"

भाऊजींनी फोन ठेवला.

मग जाऊबाई. मग एक मामेभाऊ. मग सासूबाई, वय नव्वद, कानाने कमी. तिथे मला ओरडावं लागलं. एचडीबीच्या, म्हणजे सरकारी इमारतीच्या, त्या मजल्यावर दारं उघडीच असतात, समोरच्या बिऱ्हाडातला माणूस जाळीपर्यंत येऊन बघून गेला.

"मी खोटं बोललो!"

"कोण पडलं?"

"खोटं! खोटं बोललो, आजी! साधनाताईंची चूक नव्हती!"

"मग मनू काय म्हणायचा?"

"मनोहररावांना पण आम्ही फसवलं!"

म्हातारी म्हणाली, "तिला दे." साधनाताईंनी फोन कानाला लावला, स्पीकर बंद केला आणि आतल्या खोलीत गेल्या. काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाहेर आल्या तेव्हा पदर ओला होता, आणि त्या क्षिप्राला म्हणाल्या, "पुढचा नंबर."

साडेसहा वाजून गेले. माझ्या फोनवर निशिकांतचे अकरा मिस्ड कॉल. मग एक फोटो: शाल, श्रीफळ, यशोधन. खाली निशिकांतने लिहिलं होतं, ‘काका कुठे आहात??? तुमच्याविना उरकलं. मोदकांचा किस्सा साहेबांनी स्वतःच सांगितला, हॉल फुटला!’

बाई हॉलमध्ये नव्हती. मग सांगायला काय हरकत होती. शब्द पाळला त्याने.

मी फोन साधनाताईंपुढे धरला. क्षिप्राने आधी वाचला. "Shameless lah, these people," ती म्हणाली. मला धरूनच म्हणाली.

"हसले सगळे?" साधनाताईंनी विचारलं.

"हो."

"मीनल असेल ना तिथे? वाढपाला?"

क्षिप्राने मीनलला फोन लावला. उचलला तेव्हा मागे भांडी, बायकांचे आवाज, आणि त्याच्याही मागे माइकवरचा तो ओळखीचा, भरदार आवाज. परत एकदा हशा पिकला.

"काकू! अहो कुठे आहात? सकाळी पाठवलेलं पुरण किती गोड झालंय तुमचं!"

"मीनल, स्पीकरवर टाक. सगळ्या आहात ना तिथे? चारुदत्तभाऊंना काहीतरी सांगायचंय. मानपत्र राहिलंय ना त्यांचं."

"काका तुमच्याकडे आहेत? थांबा, थांबा... अगं जरा गप्प बसा गं... हां काका, बोला. पण मोठ्याने बोला, इथे काही ऐकू येत नाहीये."

साधनाताईंनी डबा उचलून पोटाशी धरला, झाकणावरचं नाव बाहेरच्या बाजूला. "मोठ्याने," त्या म्हणाल्या.

मी पहिल्यापासून सुरू केलं. मुदत शुक्रवारपर्यंत होती.